घाटात पिकअप बसते: ट्यूनर कुठला घ्यायचा, हा दुसरा प्रश्न

आंब्याचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे एकच तक्रार आठवड्यातून तीनदा येते. चिपळूणहून भरून निघालेली गाडी पोफळीपर्यंत झकास येते, आणि कुंभार्ली घाट लागला की चार-पाच वळणांत दम टाकते. रेस पूर्ण दाबलेली, काटा दोन हजाराच्या वर जायला तयार नाही, मागे काळा धूर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. बाजूला घेऊन चावी बंद करायची, मिनिटभर थांबायचं, परत स्टार्ट मारायची, की गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तेच. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगतं, "ट्यूनर बसव, गाडी उडेल." ट्यूनर म्हणजे इंजिनाची ओढ वाढवायचा डबा किंवा सॉफ्टवेअर. आणि मला फोन येतो: दादा, कुठला ट्यूनर घेऊ?

(पिकअपचा पिकअप गेलाय, असं सांगणारेही असतात. गाडीला आणि तिच्या ओढीला एकच शब्द, त्यामुळे फोनवर पहिलं मिनिट गोंधळातच जातं.)

आधी एक हिशेब मांडू. गाडी आणि माल मिळून तीन टन. चढ शंभर मीटरला सात मीटर. वेग ताशी ३० किलोमीटर. एवढं ओझं एवढ्या चढावर ओढायला चाकापाशी साधारण २० किलोवॅट, म्हणजे २७ एचपी लागतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खातं ते धरून तीस म्हणा. २५२३ सीसीच्या बोलेरो पिकअपच्या इंजिनालाही सत्तरच्या आसपास एचपी आहे. टाटा योद्धाच्या २.२ लिटरला शंभर, इसुझू व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरला १६३. गिअर बरोबर असताना सत्तरच्या इंजिनाला तीस एचपीचं काम झेपत नसेल, तर त्याचं कुठेतरी काहीतरी अडलंय. तोच घाट ताशी ५० ने चढायचा असेल तर मात्र पन्नासच्या पुढे एचपी लागतात, तिथे ट्यूनरचा विचार समजू शकतो. आणि पासिंग दीड टनाचं असून माल अडीच टन भरला असेल तर दोन फेऱ्या करा. ट्यूनरने ब्रेक वाढत नाहीत, आणि चढलेला घाट कुठेतरी उतरावा लागतोच.

चावी फिरवल्यावर गाडी सुधारते, ही फार कामाची खूण आहे. नुसता एअर फिल्टर चोकअप असेल किंवा क्लच घसरत असेल तर चावीने काही फरक पडत नाही. चावीने फरक पडतो म्हणजे ईसीयूने, इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतःहून डिझेल तोडलं होतं. त्याला एखादा आकडा पटला नाही, म्हणून इंजिन वाचवायला त्याने गाडी लिम्प मोडला, म्हणजे कमी ताकदीवर, टाकली. चावी बंद केली की तो पुन्हा भरवसा ठेवून सुरुवात करतो, आणि मोठ्या चढावर तोच आकडा पुन्हा बिघडला की पुन्हा डिझेल तोडतो. हा आकडा कुठला, ते ईसीयूने साठवलेल्या बिघाडाच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून दिवा घालवायला बॅटरीची तार काढू नका. काही गाड्यांत त्यासोबत पुरावाही जातो, आणि मी नुसता इंजिनाकडे बघत बसतो.

कोड वाचायला माझ्याकडेच यायला पाहिजे असं नाही. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि फोनवर ॲप चालतं. घाटातल्या या तक्रारीत बहुतेक वेळा पाचातला एक कोड निघतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब मागितला त्यापेक्षा कमी. पी ०२३४ म्हणजे जास्त. पी ००८७ म्हणजे रेलमधला (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) डिझेलचा दाब कमी, पी ००८८ म्हणजे जास्त. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेतून) जायला हवा तेवढा धूर जात नाही, बहुधा कार्बनने जाम. कोड म्हणजे निदान नाही, हे लक्षात ठेवा. पी ०२९९ आला म्हणून टर्बो बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत, आणि टर्बो बदलून पी ०२९९ घेऊन परत आलेलेही.

मागच्या मे महिन्यात गुहागरकडचे एक काका आले. गाडी कॉमन रेल, बीएस-४ म्हणजे आधीच्या प्रदूषण-नियमांची. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. घाटात बसते म्हणून त्यांनी ऑनलाइन एक ट्यूनिंग बॉक्स मागवला होता, साडेचार हजारांचा. पहिले चार दिवस गाडी खरंच हलकी वाटली. पाचव्या दिवशी भरलेली गाडी घेऊन निघाले तर आधी एकदा बसायची ती आता तीनदा बसली, आणि धूर इतका की मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून थकला. कोड दोन निघाले: पी ०२९९ आणि पी ००८७.

मी बॉक्स काढून बाजूला ठेवला आणि इंटरकूलरचा होज, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा रबरी पाइप, बघितला. वरून एकदम नवा. खालून हात फिरवला तर क्लिपच्या पुढे दोन बोटांवर ओलसर काळी रेघ लागली. थोडं ऑईल तिथे असतंच, टर्बोकडून येतं. पण रेघ सरळ होती. होज दोन्ही हातांनी दुमडला तसं रबर उघडलं, नख आत जाईल एवढी चीर. सोडला की चीर बंद. गॅरेजमध्ये न्यूट्रलला रेस करून ती कधीच सापडली नसती, कारण लोड नसताना टर्बो फारसा दाब बनवत नाही. घाटात दाब वाढला की चीर उघडायची, हवा बाहेर, ईसीयूला हिशेब लागायचा नाही. काकांना ओढ कमी वाटली म्हणून त्यांनी डिझेल वाढवणारा बॉक्स लावला. हवा तर चिरेतून चाललेली. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून धूर. आणि बॉक्सने ईसीयूला रेलचा दाब कमी सांगितल्यामुळे दुसरा कोड. एका दुखण्याची दोन झाली.

होज बदलला, क्लिप नवी टाकली, बॉक्स बसवलाच नाही. माल तेवढाच. आधी चढावर १४० च्या पुढे न सरकणारा मॅपचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) आकडा २०५ पर्यंत गेला.

हा आकडा कसा बघायचा ते नीट सांगतो, कारण ट्यूनर निवडण्याआधीची खरी तपासणी हीच. ॲपमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजेच मॅप, नावाचा आकडा असतो, किलोपास्कलमध्ये. इंजिन बंद, चावी चालू ठेवून बघा: चिपळुणात शंभरच्या आसपास दिसेल, घाटमाथ्यावर सात-आठने कमी. ती हवा, टर्बोची कमाई नाही. चिपळुणातच ८० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. तो काढून बघा, टोकाला काजळीचा लेप असतो. क्लीनरच्या फवाऱ्याने धुवा, तारेचा ब्रश लावू नका. मग मोकळा सरळ चढ बघून तिसऱ्या गिअरला पंधराशेपासून पूर्ण रेस द्या आणि काटा तीन हजाराकडे जाईपर्यंत आकडा बघा. बघायचं काम शेजारच्याने करायचं, ड्रायव्हरने रस्त्याकडे. टर्बो डिझेलचा आकडा दोनशेच्या आसपास जायला हवा, गाडीप्रमाणे थोडा कमी-जास्त. दीडशेत अडकला तर हवा कुठेतरी गळतेय किंवा टर्बोला हुकूम पोचत नाही.

हुकूम पोचवणारी नळी बारीक असते, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबएवढी. उंदराने कुरतडलेली, मॅनिफोल्डला लागून जळालेली, कधी नुसती निसटलेली. जिथे टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमी-जास्त करणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो अशा बऱ्याच गाड्यांत स्टार्ट केल्या केल्या त्याची काडी ओढली जाताना दिसते. हलत नसेल तर आधी नळी बघा. होजची शंका असेल तर एक तोंड बंद करून दुसरीकडून एक बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं, पंक्चरवाला करतो तसं. कंप्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका, आणि बुचाच्या समोर उभे राहू नका.

डिझेलच्या बाजूचं थोडक्यात: फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. तळातलं पाणी काढा. टाकीचं झाकण उघडताना "सूं" करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. पी ००८७ यायला एवढंही पुरतं.

हे सगळं ठीक निघालं, आकडा दोनशे दाखवतोय, कोड नाही, माल पासिंगइतका, आणि तरीही तुम्हाला जास्त ओढ हवी आहे? मग आता ट्यूनर.

सगळ्यात आधी सॉकेटमध्ये खोचायचे "इंधन बचत" वाले डबे बाजूला काढू. मी उघडून पाहिले त्यांत लुकलुकणारे दिवे होते आणि ते दिवे लुकलुकवायची सोय होती. विषय संपला.

दुसरा प्रकार पेडल बॉक्स. हा रेसच्या पेडलपाशी बसतो आणि तुम्ही अर्धं दाबलं की ईसीयूला पाऊण सांगतो. गाडी चपळ वाटते, इंजिनाला धोका काही नाही. पण पूर्ण दाबलेल्या पेडलच्या पुढे तो काय सांगणार? घाटात रेस आधीच पूर्ण दाबलेली असते, तिथे याचा उपयोग शून्य. शहरात आळशी वाटणाऱ्या गाडीला लावा हवं तर.

तिसरा, काकांनी घेतला तो. तो रेलच्या प्रेशर सेन्सरच्या कपलरमध्ये बसतो. सेन्सर म्हणतो दाब १५५० बार, बॉक्स ईसीयूला सांगतो १४००, ईसीयू बिचारा पंपाला अजून दाब वाढवायला लावतो. डिझेल जास्त जातं, ताकद वाढते, हे खरं आहे. पण यात एक गंमत आहे. तुमच्या फोनवरच्या ॲपला रेल प्रेशर ईसीयूकडून कळतो, आणि ईसीयूला तर बॉक्सने फसवलंय. म्हणजे स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं आणि पंप आणि नोझल वेगळाच दाब सोसत असतात. तसंच ॲव्हरेजचं. ईसीयूला वाटतं आपण कमी डिझेल सोडलं, म्हणून डिस्प्लेवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं. लोक फोटो काढून पाठवतात. टाकी काठोकाठ भरा, चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि पावतीवरून भागाकार करा. डिस्प्लेवरचं ॲव्हरेज बॉक्सवाल्याचं, पंपावरचं तुमचं. या प्रकारातला चांगला बॉक्स आरपीएमप्रमाणे कमी-जास्त करतो आणि टर्बोचा सेन्सरही बघतो. स्वस्तातल्यात नुसता रेझिस्टर असतो, जो चढ असो की उतार, थंड इंजिन असो की तापलेलं, एकच खोटं बोलतो.

चौथा रिमॅप. ईसीयूमधली फाईलच बदलतात, त्यामुळे ईसीयूला खोटं सांगावं लागत नाही, आकडे खरे दिसतात. नीट केलेला असेल तर माझं मत याच्याच बाजूने. पण "नीट" म्हणजे काय, ते विचारून घ्या. तुमच्या गाडीतून मूळ फाईल वाचून घेणार का, आणि तिची कॉपी तुम्हाला पेनड्राइव्हवर देणार का? "आमच्याकडे या मॉडेलची फाईल तयार आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. आधी आणि नंतर स्कॅन करून देणार का? धूर किती वाढणार? आणि मुख्य म्हणजे, फाईलमध्ये कोड बंद केलेत का? हा शेवटचा प्रश्न टोचतो म्हणून कुणी विचारत नाही. काही जण दिवा लागूच नये म्हणून कोडच बंद करतात. मग होजला चीर पडली तरी तुम्हाला कळणार नाही, थेट टर्बोचं बिल येईल.

एचपीचा आकडा मात्र विचारू नका. मालाच्या गाडीला तो नकोच. तुम्हाला पंधराशे ते अडीच हजार आरपीएममध्ये टॉर्क, म्हणजे ओढ, हवा, आणि तोही बेताने. मी भरून चालणाऱ्या गाडीला दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. पंचवीस-तीस टक्क्यांची जाहिरात सुट्टीला फिरायला जाणाऱ्या गाडीला शोभते, तिला पूर्ण ताकद दहा सेकंदं लागते. घाटात पेट्या भरलेल्या गाडीला ती वीस मिनिटं लागते. तेवढ्या वेळात सायलेन्सरकडे जाणारा धूर किती तापतो हा खरा प्रश्न. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन तगतो तो खालून बसणाऱ्या ऑईलच्या फवाऱ्यामुळे आणि थंड सिलिंडरच्या भिंतीमुळे. ताकद वाढवणारच असाल तर टर्बोत शिरणाऱ्या धुराचं तापमान मोजणारा मीटर बसवा. चढावर बराच वेळ ७०० च्या वर काटा राहिला तर गिअर खाली टाका, रेस सोडा. आणि घाट चढून हेळवाकला चहाला थांबलात तर लगेच चावी बंद करू नका. दोन मिनिटं इंजिन चालू राहू दे, टर्बो निवतो.

अमेरिकन व्हिडिओ बघून हातात धरायचा स्क्रीनवाला ट्यूनर मागवायचं कुणाच्या मनात असेल तर पैसे वाचवा. ते फोर्ड, रॅम, शेवरलेच्या मोठ्या पिकअपसाठी बनलेले असतात, आपल्या ईसीयूशी त्यांचं बोलणंच होत नाही. वापरलेला तर मुळीच नको: बरेचसे एका वेळी एकाच गाडीच्या चासी नंबरला लॉक होतात, आधीच्या मालकाने मूळ फाईल परत टाकून सोडवला नसेल तर तो नुसता डबा. आणि तिकडेही मजा उरलेली नाही. धूर गाळणारी यंत्रणा बंद करणारे ट्यूनर विकणाऱ्यांना तिथल्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण खात्याने, जबर दंड लावलेत.

आपल्याकडे हाच प्रश्न बीएस-६ गाड्यांचा, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या. त्यांच्यात डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, असतो; तो काजळी साठवतो आणि धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती जाळतो. बाजारापुरत्या छोट्या फेऱ्या झाल्या की जळणं अर्धवट राहतं, फिल्टर भरतो, गाडी लिम्पला जाते, आणि कुणीतरी "डीपीएफ काढून फाईल मारून देतो" म्हणतो. हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमावाल्याला कारण मिळतं. गाडीत रीजनचं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायचं, बटण असेल तर मोकळ्या जागी, गवतापासून लांब उभी करून ते पूर्ण होऊ द्या. बटण नसेल तर हायवेला अर्धा तास एका लयीत चालवा. ऑईलची काडीही काढून बघा. पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा असेल तर अर्धवट राहिलेल्या रीजनचं डिझेल ऑईलमध्ये उतरलंय, आधी ऑईल बदला. अशा गाडीला डिझेल वाढवणारा बॉक्स म्हणजे भरलेल्या फिल्टरवर अजून काजळी.

ट्यून केल्यावर परत येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर क्लचचा. टॉप गिअर, ताशी पन्नास, पूर्ण रेस. काटा उडाला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. वास येईपर्यंत थांबू नका, नाहीतर फ्लायव्हीलही जातं. ट्यूनला दोष देऊ नका, जुनी प्लेट जुन्या टॉर्कवर कशीबशी तग धरून होती.

दुसरी तक्रार अशी: रिमॅप छान चालला होता, सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगहून गाडी आली आणि पुन्हा मठ्ठ झाली. कोड नाही, दिवा नाही, धूर नाही, मॅपचा आकडा कंपनीइतका बरोबर. अशा वेळी होज शोधत बसू नका. सर्व्हिसवाल्यांनी नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि तुमची फाईल पुसली गेली. ट्यूनवाल्याला फोन करा, पण जुनीच फाईल वर चढवू देऊ नका. नवीन सॉफ्टवेअर आधी वाचून घ्यायला सांगा आणि त्याच्यावर नव्याने काम करायला लावा. जुनी फाईल नव्यावर चढवलेली एक गाडी माझ्याकडे टो करून आली होती, स्टार्टर फिरत होता आणि ईसीयू एक अक्षर बोलत नव्हता.